शेजारी ब्रेकर, घरात आपण: बांधकामाच्या आवाजाचं करायचं काय?

निंबोणी | सोमवार, दुपारी ३:१०

कोथरूडात चौथ्या मजल्यावर राहते. शेजारची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आहे. पाडापाडी महिन्याभरात उरकली, धूळ खाल्ली पण सहन झालं. आता तळघरं खणताहेत. पुण्याची जमीन म्हणजे वर हातभर माती आणि खाली काळा पाषाण. सकाळी आठला पोकलेनला लावलेला, खडक फोडायचा ब्रेकर सुरू होतो तो सात वाजेपर्यंत. मध्ये जेवायला तासभर थांबतो, आणि त्या तासात कान अशी शीळ घालतात की ब्रेकर परवडला.

स्वयंपाकघरात डाव-झारे अडकवायची पट्टी आहे. ब्रेकर सुरू झाला की त्यातला एकच डाव वाजतो, कढीचा. बाकी सगळे गप्प. मी तो काढून ड्रॉवरमध्ये टाकला, तर आता झारा वाजायला लागला.

लेक दहावीला आहे. सासरे ८१ वर्षांचे, ते सकाळी आठला श्रवणयंत्र काढून ठेवतात. घरात तेवढे एकच सुखी. पण मग दारावरची बेल ऐकू येत नाही, फोन ऐकू येत नाही, आणि मी ऑफिसमधून फोन करत राहते.

शुक्रवारी कहर झाला. स्लॅब रात्री अडीचपर्यंत चालला. ११२ ला फोन केला, पोलिसांची गाडी आली, काम थांबलं. गाडी गेल्यावर अर्ध्या तासाने पुन्हा सुरू.

काम बंद पाडा असं माझं म्हणणं नाही. घरं बांधावीच लागतात. पण हे तीन वर्षं चालणार आहे. कुणी खरंच काही करून फरक पाडला आहे का? ‘शांतपणे बोलून बघा’ हे करून झालंय. शांतपणे बोललेलं तिथे ऐकू येत नाही.

अर्धाकप | सोमवार, दुपारी ३:२२

+१. आमच्याकडे एकाच गल्लीत तीन साइट. मूग गिळून बसलो आहोत, गिळल्याचा आवाजसुद्धा येत नाही.

रेघोट्या | सोमवार, दुपारी ४:०५

कायदा आहे. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २०००. रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. रुग्णालय, शाळा, न्यायालय यांच्या भोवती सरकारने १०० मीटर शांतता क्षेत्र जाहीर केलं असेल तर तिथे ५० आणि ४०. रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. आणि तुमच्या कामाची गोष्ट: २०१० साली या नियमांत दुरुस्ती होऊन आवाज करणारी बांधकामाची यंत्रं रहिवासी भागात आणि शांतता क्षेत्रात रात्री चालवायला सरळ मनाई झाली. म्हणजे शुक्रवारच्या स्लॅबसाठी तुम्हाला डेसिबल मोजत बसायची गरज नव्हती. दहानंतर काँक्रीटचा पंप आणि व्हायब्रेटर चालू होता, एवढं पुरे. व्हिडिओ काढताना घड्याळ दिसेल असा काढा.

दिवसाचं अवघड आहे. आवाजाबद्दल तक्रार करायची तर मर्यादेच्या वर १० डेसिबल किंवा जास्त हवेत, आणि ही मर्यादा सरासरीची आहे. ब्रेकर पाच मिनिटं चालतो, दोन मिनिटं थांबतो. मोबाइलवरच्या ॲपने आपल्याला अंदाज येतो, पण तो आकडा दाखवला की समोरचा म्हणतो, मशीन प्रमाणित आहे का?

एक वाट आहे. प्रकल्पाचं बांधकाम २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून जास्त असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. त्या मंजुरीच्या पत्रात अटी असतात आणि त्या पाळल्याचा अहवाल वर्षातून दोनदा, १ जून आणि १ डिसेंबरला, द्यावा लागतो. पत्र ‘परिवेश’ पोर्टलवर सापडतं. अटीचा क्रमांक टाकून लिहिलेल्या अर्जाला वजन येतं. एकाच सोसायटीचा प्रकल्प असेल तर बहुधा एवढा मोठा नसतो, म्हणून आधी साइटवरच्या फलकावर क्षेत्रफळ बघा.

वाटाड्या | सोमवार, सायंकाळी ६:४८

राग मानू नका ताई, पण तुम्ही राहता ती इमारत काय आकाशातून खाली उतरली? तीही बांधताना शेजारच्यांनी ऐकलंच असेल. त्या सोसायटीतली माणसं दोन-तीन वर्षं भाड्याच्या घरात काढताहेत. काम आठ तासांवर आणलं तर त्यांचा मुक्काम वाढेल. सगळ्यांना नवीन फ्लॅट पाहिजे, लिफ्ट पाहिजे, दोन पार्किंग पाहिजेत. दोन पार्किंग म्हणजेच तळघर, तळघर म्हणजेच ब्रेकर.

निंबोणी | सोमवार, रात्री ९:१५

वाटाड्या, राग नाही. त्या सोसायटीतल्या काकू आमच्याकडे भिशीला येतात, भाड्याच्या घरातून रिक्षाने. त्यांचं काम लवकर व्हावं असं मलाही वाटतं. पण आमची बिल्डिंग १९८८ ची. पाया मजुरांनी छिन्नी-घणाने खणला होता, तळघर नव्हतंच. तुलना करायची तर ती घणाशी करा.

रेघोट्या, आभार. फलक बघितला, क्षेत्रफळ कमी आहे. ती वाट बंद.

टिपरी | सोमवार, रात्री ९:३१

आमचं बाळ ब्रेकर चालू असताना झोपतं आणि थांबला की उठून रडतं. रविवारी काय करायचं ते कुणी सांगेल का? ब्रेकरचं रेकॉर्डिंग आहे का कुणाकडे?

अर्धाकप | सोमवार, रात्री ९:३३

@टिपरी, पत्ता द्या, अख्खा ब्रेकर पाठवतो. परतीचं भाडं नको.

साइटवाला | मंगळवार, पहाटे १:५५

वेळ बघून हसू नका, आत्ताच स्लॅब संपवून आलोय. हो, मी ‘तिकडचा’. चौदा वर्षं साइटवर आहे. बाजू दोन्ही मांडतो, शिव्या नंतर द्या.

रात्रीचे स्लॅब का होतात? समजा शंभर घनमीटरचा स्लॅब आहे. एका मिक्सर गाडीत साधारण सहा घनमीटर माल (काँक्रीट), म्हणजे सतराएक गाड्या. अवजड वाहनांना शहरात गर्दीच्या वेळी बंदी. पहिली गाडी दुपारी पोचते, नववी ट्रॅफिकमध्ये अडकते, पंपाचा पाइप चोंदतो. आणि स्लॅब मध्येच सोडता येत नाही. आधीचा माल सुकू लागला आणि नवा वर पडला की तिथे सांधा राहतो, तोच पुढे गळतो. त्यामुळे दहा वाजले म्हणून कुणी थांबत नाही.

आता खरं सांगतो. यातली निम्मी मजबुरी आहे आणि निम्मी आमची ढिलाई. सकाळी सहाला गाड्या लावल्या आणि स्लॅबचे दोन भाग करून कुठे तोडायचा ते ड्रॉइंगवर आधीच ठरवलं, तर बहुतेक स्लॅब संध्याकाळी संपतो. त्यासाठी आदल्या रात्री सळईची तपासणी झालेली पाहिजे. ती होत नाही. सळई तपासायला साहेब सकाळी अकराला येतात, मग दुपारी दोनला पहिली गाडी. शेजाऱ्यांच्या रात्री साहेबांच्या सकाळीत अडकलेल्या असतात.

ब्रेकरबद्दल. निंबोणीताई, नीट ऐका, आवाज दोन प्रकारचा येतो. एक ठोका जड, दबका. तेव्हा टोक दगडात आहे, काम होतंय. दुसरा कडक, टण् टण्. तेव्हा टोक मोकळं वाजतंय, दगड फुटून बाजूला झाला तरी पोऱ्याने पाय काढलेला नाही. त्या मोकळ्या माराने ब्रेकरचीही वाट लागते. म्हणजे सगळ्यात कानठळ्या बसवणारा आवाज हा फुकटचा असतो. चांगला ऑपरेटर ठेवला की फरक कळतो. पूर्ण पेटीत बंद केलेले ब्रेकर येतात, ते कमी वाजतात. जुने, बुश (टोकाभोवतीची कडी) झिजलेले ब्रेकर सगळ्यात वाईट आणि भाड्याने तेच स्वस्त.

ब्रेकरशिवाय खडक फोडता येतो का? येतो. ओळीने भोकं पाडून त्यात चुन्याचं फुगणारं मिश्रण भरतात, रात्रभरात खडक आपोआप तडकतो. किंवा हिऱ्याच्या मण्यांच्या तारेने कापतात, पाणी सोडत. दोन्ही महाग आणि हळू. लहान प्लॉटवर कुणी स्वखुशीने करत नाही, हॉस्पिटल चिकटून असेल तर करावं लागतं.

आणि एक फुकटची गोष्ट. कॉम्प्रेसर आणि जनरेटरच्या पेटीची दारं. यंत्र तापतं म्हणून सगळे ती उघडी ठेवतात. दारं असतात ती आवाजासाठीच. खिडकीतून बघा, उघडी असतील.

निंबोणी | मंगळवार, सकाळी ८:०४

उघडी आहेत! दोन्ही! आणि एकाच्या दारावर बनियन वाळत घातलंय.

रेघोट्या | मंगळवार, सकाळी ८:४०

साइटवाला, प्रामाणिक प्रतिसादाबद्दल धन्यवाद. पण ‘ट्रॅफिकची बंदी’ हे कारण आता पुरे. बंदी रोज असते, ती आकाशवाणी होऊन कळत नाही.

चाळकरी | मंगळवार, सकाळी ११:२०

मुंबईचा अनुभव. भुयारी मेट्रो ३ चं काम चालू होतं तेव्हा आमचे एक नातेवाईक कफ परेडला होते. रात्रभर यंत्रं आणि मातीचे डंपर. रहिवासी उच्च न्यायालयात गेले आणि २०१७ मध्ये न्यायालयाने रात्री १० ते ६ काम बंद ठेवायला सांगितलं. नातेवाईक पेढे वाटायचेच बाकी होते. २०१८ मध्ये रात्रीच्या कामाला पुन्हा परवानगी मिळाली. आता त्याच मेट्रोने ते आरेला जातात आणि एसी थंड आहे असं सांगतात.

कोर्टात गेल्याने काही झालं नाही असं नाही, काही महिने लोक झोपले. पण ते वकिलांचं वजन असलेल्या वस्तीत. आमच्या गिरगावात पत्र्यावर ‘असुविधे के लिए खेद है’ लिहिलं होतं, मराठीतूनसुद्धा नाही. खेद त्यांना आणि असुविधा आम्हाला.

थेम्सकाठी | मंगळवार, दुपारी ४:३६

लंडनमध्ये नऊ वर्षं आहे. इथे साधारण सोम ते शुक्र ८ ते ६, शनिवारी ८ ते १, रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी आवाजाचं काम बंद. १९७४ च्या प्रदूषण नियंत्रण कायद्यात कलम ६१ आहे. त्याखाली कंत्राटदार काम सुरू व्हायच्या आधीच कौन्सिलकडे जाऊन सांगू शकतो की अमुक यंत्रं, अमुक वेळा, आवाज कमी करायला अमुक उपाय. एकदा संमती मिळाली की ती मोडली तर अडचण त्याची.

पण मला आवडली ती गोष्ट साधी आहे. दारातून पत्र टाकतात: या आठवड्यात पायलिंग (पायाचे खांब रोवायचं काम), या दिवशी क्रेन, अडचण असेल तर हा नंबर. फोन केला की माणूस उचलतो. आवाज तेवढाच असतो हो. पण गुरुवारी दोन वाजता संपणार हे माहीत असलं की गुरुवारी दोनपर्यंत सहन होतो.

वाटाड्या | मंगळवार, सायंकाळी ५:०२

झालं, लंडन आलं. आता सिंगापूर येऊ दे.

मोगरी | मंगळवार, सायंकाळी ५:१०

आले. इथे घरांजवळच्या साइटवर रविवारी आणि सुट्टीला काम बंदच असतं. सोमवारी सकाळी सातला मात्र आधी थाप, मग गजर.

जुनाजाणता | मंगळवार, रात्री ८:२५

निवृत्त स्थापत्य अभियंता. सगळे आवाजावर बोलत आहेत, मी हादऱ्यावर बोलतो. तुमचा डाव वाजतो याचा अर्थ बहुधा हादरा इमारतीतून येतो आहे, नुसता हवेतून नाही. इमारत १९८८ ची. उद्याच घरातल्या प्रत्येक भेगेचा फोटो काढा, शेजारी पट्टी धरून आणि त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून. जिन्यातल्या आणि गच्चीवरच्याही. सोसायटीच्या नावाने बिल्डरला पत्र आणि फोटोंची प्रत, पोच घेऊन. मोठ्या भेगेवर आडवी पातळ काचपट्टी प्लास्टरने चिकटवा, तारीख लिहा. भेग सरकली तर काच तडकते. हे आधी केलं नाही तर पुढे ‘भेग जुनीच होती’ हे वाक्य ऐकायची तयारी ठेवा.

पत्र्याच्या कुंपणाचा मुंबईत मोठा बोलबाला झाला. २०२३ मध्ये महापालिकेने लहान प्लॉटला २५ फूट आणि एकराहून मोठ्याला ३५ फूट उंच पत्रे लावायला सांगितले. ते धुळीसाठी होते, आवाजासाठी नव्हेत. आवाजाच्या बाबतीत सोपा हिशेब: खिडकीतून यंत्र दिसत असेल तर कुंपणाचा तुम्हाला उपयोग नाही. चौथ्या मजल्यावरून सगळंच दिसतं. उलट सैल पत्रा स्वतः वाजतो. अंतर मात्र कामी येतं. यंत्रापासूनचं अंतर दुप्पट झालं की साधारण ६ डेसिबल कमी. म्हणून कॉम्प्रेसर प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला नेता येतो का, हे विचारा.

सुईदोरा | मंगळवार, रात्री १०:४७

इतका वेळ वाचते आहे. ब्रेकरवर बसलेल्या त्या पोराबद्दल एकानेही लिहिलं नाही. आमच्या शेजारच्या साइटवर एकजण कानात विडीचं पाकीट फाडून त्याचे बोळे घालायचा. आपण खिडकी लावतो, त्याला खिडकी नाही. मी त्याला कानातले फोमचे बोळे आणून दिले. दोन दिवस घातले, मग म्हणाला, मागून गाडी आली तर ऐकू येत नाही. त्याचं चूक नव्हतं.

साइटवाला | मंगळवार, रात्री ११:१२

सुईदोराताई, बोललात ते बरोबर. हेल्मेट आणि जॅकेट फोटोत दिसतात म्हणून देतात, कानाचं कुणी विचारत नाही. माझा डावा कान फोनला लावत नाही मी. एवढंच लिहितो.

टिपरी | बुधवार, सकाळी ९:५०

विषय जड झाला म्हणून थोडं अवांतर. वरच्या मजल्यावर फर्निचरचं काम चालू आहे. सुतार रोज दुपारी दीडला ग्राइंडर लावतो. विचारलं, सकाळी काय करता? म्हणे, सकाळी माप घेतो. तीन आठवडे झाले. राजवाडा मोजतोय का?

अर्धाकप | बुधवार, सकाळी १०:०१

आमच्या वरच्यांकडे एक भिंत आहे, तिला दर रविवारी एक खिळा लागतो. भिंत कमी आणि खिळे जास्त झाले असतील.

रेघोट्या | बुधवार, सकाळी १०:३०

खिडक्यांबद्दल कुणी विचारलं नाही तरी सांगतो, मी पैसे घालवून शिकलोय. सरकत्या ॲल्युमिनियम खिडकीला कितीही जाड काच लावा, फटीतून वारा येतो तिथून आवाजही येतो. दारासारखी उघडणारी, रबराने घट्ट बसणारी खिडकी लागते. सगळ्या बदलू नका. एकच खोली निवडा, अभ्यासाची किंवा आजोबांची. आणि जुनाजाणता म्हणतात तो भिंतीतून येणारा हादरा खिडकीने थांबत नाही, ही अपेक्षा आधीच सोडा.

साइटवाला | बुधवार, दुपारी १:१८

निंबोणीताई, तक्रार चालू ठेवा पण एक सांगतो. बिल्डरच्या ऑफिसात जाऊ नका, तिथे सेल्सची मुलगी पाणी देते आणि ‘सरांना सांगते’ म्हणते. साइट इंजिनिअरला गाठा, सकाळी पावणेअकराला, चहाच्या वेळी. ‘आवाज कमी करा’ म्हणू नका, त्याचा त्याला काहीच अर्थ लागत नाही. त्याच्या हातात असलेलंच मागा: कॉम्प्रेसर कुठे ठेवायचा, दारं लावायची, परीक्षेच्या दिवशी ब्रेकर कुठल्या कोपऱ्यात चालवायचा, स्लॅबचा आदल्या दिवशी मेसेज. आणि सोसायटीच्या लेटरहेडवर, चार सह्या घेऊन. तो कागद त्यालाही लागतो, वरच्यांना दाखवायला.

आणि आत्ताच सांगून ठेवतो. ब्रेकर संपला की पार्टी करू नका. वरचे मजले मिवानने, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्याने, बांधणार असतील तर दर मजल्याला साचे सोडवताना हातोड्याने पिना ठोकून काढतात आणि पत्रे स्लॅबवर आपटतात. ते ब्रेकरसारखं सलग नसतं, कधी पडेल सांगता येत नाही. टाकू नका, हातोहात द्या, एवढं मागता येतं.

निंबोणी | तीन आठवड्यांनंतर, रविवार, सकाळी ११:०५

धागा वर काढते आहे, अपडेट द्यायचं राहिलं.

गेले मी, पावणेअकराला, सोबत सोसायटीचे सेक्रेटरी आणि कागद. इंजिनिअर म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसचा मुलगा, लातूरकडचा. आम्ही भांडायला आलो असं समजून आधीच घाम पुसत होता. जुनाजाणतांच्या भेगांचे फोटो बघून तो खरा सरळ झाला, डेसिबलने नाही.

नऊच्या आधी ब्रेकर नको म्हटलं, साडेआठवर तडजोड झाली. जेवणाची सुट्टी एक ते अडीच. पेपरच्या दिवशी ब्रेकर पलीकडच्या कोपऱ्यात. कॉम्प्रेसरची दारं पहिले दोन दिवस लागली, मग पुन्हा उघडली, बनियन परत आलं. मग त्यांनी कॉम्प्रेसरच रॅम्पच्या पलीकडे नेला, तो फरक पहिल्या तासात कळला. स्लॅबचा मेसेज ग्रुपवर येतो. मागचा स्लॅब दहा वाजून पन्नास मिनिटांनी संपला, पन्नास मिनिटं जास्त. फोन केला, त्याने उचलला, म्हणाला शेवटची गाडी ओततोय. मी ११२ लावला नाही. लावायला हवा होता असं रेघोट्या म्हणतील.

रेघोट्या | रविवार, सकाळी ११:२०

म्हणेन. पण आज रविवार आहे.

टिपरी | रविवार, सकाळी ११:२६

सासऱ्यांचं यंत्र?

निंबोणी | रविवार, दुपारी १२:१०

एक ते अडीच लावतात. त्या वेळात आम्ही सगळ्या गोष्टी त्यांच्या कानावर घालून घेतो. झारा अजून वाजतोच.

वाटाड्या | रविवार, रात्री १०:३८

निंबोणीताई, तो सोसायटीच्या लेटरहेडवरचा मजकूर इथे टाकता येईल का? आमच्या मागची बिल्डिंग गेली आहे कामाला. शिवाय आमचाही करारनामा ठरतोय, त्यात शेजाऱ्यांसाठी कामाच्या वेळांचं कलम घालावं असं मी कमिटीत म्हणालो, तर सगळे माझ्याकडे बघायला लागले.

साइटवाला | रविवार, रात्री ११:०२

व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा. कलमाचा कच्चा मसुदा पाठवलाय, साहेबांच्या तपासणीच्या वेळेसकट.